एमएमसीमधला फिरता करंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉड्यूलर मल्टिलेव्हल कन्व्हर्टर, म्हणजे एमएमसी (डीसीचा एसी करणारा, अनेक सबमॉड्यूल जोडून बनवलेला कन्व्हर्टर), हाताळायला घेतला की पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट छळायला लागते. आउटपुटचा वेव्हफॉर्म झकास असतो, पण आर्ममधला, म्हणजे सबमॉड्यूलांच्या रांगेतला, करंट वेडावाकडा दिसतो. इथले प्रश्न त्याबद्दलचे आहेत. आकडे हवेत राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच छोटा कन्व्हर्टर धरला आहे. डीसी बस ८०० व्होल्ट, दर आर्ममध्ये ४ सबमॉड्यूल (एक कपॅसिटर आणि त्याला रांगेत घालणारे-काढणारे स्विच), प्रत्येक कपॅसिटर २.२ मिलिफॅरड आणि २०० व्होल्टवर, आर्म इंडक्टर ३ मिलिहेन्री, आउटपुट ५० हर्ट्झ. फेज करंटचं शिखर २० अँपिअर, फेज व्होल्टेजचं ३६० व्होल्ट, पॉवर फॅक्टर एक. म्हणजे १०.८ किलोवॉटचं यंत्र.

फिरता करंट म्हणजे नेमकं काय?

एका लेगमध्ये, म्हणजे एका फेजच्या खांबात, वरचा आर्म आणि खालचा आर्म. लोडला जाणारा करंट दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. वरून १० अँपिअर, खालून १० अँपिअर. हा भाग वजा केल्यावर दोन्ही आर्ममधून एकाच दिशेनं, वरून खाली, जो करंट वाहतो तो फिरता करंट. मोजायचा तर दोन्ही आर्मच्या करंटची बेरीज करून दोननं भागायचं. लोडला त्याचा पत्ताही नसतो. तो डीसी बसमधून येतो किंवा एका लेगमधून दुसऱ्यात जातो.

तो नकोच असतो ना?

हा गैरसमज नावामुळे झाला आहे. बऱ्याच पेपरांत ‘सप्रेशन’ हा शब्द येतो आणि नवीन माणूस समजतो की हा करंट शून्यावर आणायचा आहे. शून्यावर आणलात तर कन्व्हर्टर बंद पडेल, कारण लोडला दिलेली ऊर्जा डीसी बाजूकडून कपॅसिटरपर्यंत याच वाटेनं येते. आपल्या उदाहरणात १०.८ किलोवॉट भागिले ८०० म्हणजे १३.५ अँपिअर डीसी करंट. तीन लेगांत वाटला की प्रत्येकी ४.५ अँपिअर. हा फिरत्या करंटचा डीसी भाग, आणि त्याच्याशिवाय गत्यंतर नाही.

त्यामुळे फिरत्या करंटकडे एक वस्तू म्हणून न बघता त्याचे भाग वेगळे करून बघावेत. डीसी भाग हवाच. ५० हर्ट्झचा भाग एरवी शून्य असावा, पण वरच्या-खालच्या आर्मचा तोल साधायला तोच एक मार्ग हाती आहे. १०० हर्ट्झचा भाग आपोआप उगवतो आणि बहुतेक वेळा नकोसा असतो. ‘दाबायचा’ म्हणतात तो हा शेवटचा. मला विचाराल तर ‘फिरत्या करंटचं नियंत्रण’ म्हणावं आणि ‘सप्रेशन’ हा शब्द फक्त १०० हर्ट्झपुरता राखून ठेवावा.

हा १०० हर्ट्झ येतो कुठून? आम्ही तर तसा रेफरन्स दिलेलाच नाही.

तुम्ही दिला नाही, कपॅसिटरांनी दिला. वरच्या आर्मचं व्होल्टेज ४०० वजा ३६० साइन, आणि करंट ४.५ अधिक १० साइन. गुणाकार करा. स्थिर भाग १८०० वॉट आत आणि १८०० वॉट बाहेर, म्हणजे शून्य. उरतात २३८० वॉटचा ५० हर्ट्झ भाग आणि १८०० वॉटचा १०० हर्ट्झ भाग. खालच्या आर्मसाठी हेच केलंत तर ५० हर्ट्झचं चिन्ह उलटतं, १०० हर्ट्झचं मात्र तेच राहतं. दोन्ही आर्मची बेरीज केली की ५० हर्ट्झ जातो आणि ३६०० वॉटचा १०० हर्ट्झ शिल्लक राहतो. सगळा लेग मिळून सेकंदाला शंभर वेळा फुगतो आणि आक्रसतो.

आता कपॅसिटरचं व्होल्टेज हललं, पण मॉड्यूलेटरला (किती सबमॉड्यूल घालायचे ते ठरवणाऱ्या भागाला) वाटतंय ते २०० व्होल्टच आहे. मग दोन्ही आर्मच्या व्होल्टेजची बेरीज ८०० भरत नाही. तो फरक इंडक्टरांवर पडतो. शिवाय ५० हर्ट्झचा रिपल, म्हणजे कपॅसिटर व्होल्टेजचा झोका, ५० हर्ट्झनंच स्विच होतो, त्या गुणाकारातून पुन्हा १०० हर्ट्झ येतो. दोन्ही मिळून हिशेब सुमारे १४ व्होल्टचा निघतो.

तिन्ही फेज समतोल असल्या तर हे १०० हर्ट्झचे करंट निगेटिव्ह सीक्वेन्समध्ये, म्हणजे फेजच्या उलट्या क्रमात, असतात. त्यांची बेरीज शून्य, म्हणून डीसी बसवर ते दिसत नाहीत. डीसी मीटर शांत आहे म्हणून सगळं आलबेल आहे असं समजू नका.

आठशेत चौदा व्होल्ट! एवढ्यानं काय बिघडतं?

दोन आर्म इंडक्टर मिळून ६ मिलिहेन्री, १०० हर्ट्झला त्याचा अडथळा ३.८ ओहम. १४ व्होल्टनं पावणेचार अँपिअर वाहायला हवेत. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त वाहतात, कारण मधले कपॅसिटर इंडक्टरचा अडथळा खाऊन टाकतात. हा लेग म्हणजे एक एलसी सर्किट आहे, आणि त्याची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झच्या फार लांब नाही. वर दिलेल्या आकड्यांत इंडक्टरचा साठ टक्के अडथळा कपॅसिटर रद्द करतो आणि करंट ९ अँपिअरच्या वर जातो.

आर्मचा आरएमएस करंट आधी ८.४ अँपिअर होता, तो १०.७ होतो. तांब्यातला व्यय करंटच्या वर्गावर चालतो, म्हणजे तो साठ टक्क्यांनी वाढला. लोडला एक वॉटही जास्त न देता.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर २.२ मिलिफॅरड छापलेलं असलं तरी सहसा वीस टक्के कमी-जास्त चालतं, आणि म्हातारपणी तो घटतोच. वीस टक्के घटून १.७६ झाला तर तोच ९ अँपिअरचा आकडा १८ वर जातो. १.५ मिलिफॅरडला कागदावर ४० अँपिअर येतात. तिथे फक्त वायरचा रोध किंवा फ्यूज तुम्हाला वाचवतो.

मग इंडक्टर-कपॅसिटर निवडताना काय पाहायचं?

मॉड्यूलेशन इंडेक्स (फेज व्होल्टेजचं शिखर भागिले अर्धी डीसी बस) एक धरला तर नियम असा: इंडक्टन्स गुणिले कपॅसिटन्स हे, सबमॉड्यूलची संख्या गुणिले ५, भागिले ४८ आणि कोनीय फ्रिक्वेन्सीचा वर्ग, याहून मोठं असावं. आपल्या उदाहरणात मर्यादा ४.२ गुणिले दहाचा उणे सहावा घात, आणि आपण आहोत ६.६ वर. म्हणजे रेझोनन्सच्या वर, सुरक्षित बाजूला, पण फार अंतर राखून नाही.

५० हर्ट्झवर कायम चालणाऱ्या ग्रिडच्या कन्व्हर्टरला एवढं पुरतं. मोटर चालवायची असेल तर वेग कमी करताना फ्रिक्वेन्सी खाली येते आणि मर्यादा वर चढते. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी एकाच प्रमाणात उतरवलं तर आपला कन्व्हर्टर ३६ हर्ट्झच्या आसपास थेट रेझोनन्सवरून जातो. अशा ठिकाणी फिरत्या करंटचा कंट्रोलर ऐच्छिक राहत नाही.

इंडक्टरच मोठा घातला तर?

चालतं, पण महाग, जड, आणि आउटपुटच्या व्होल्टेजमधूनही त्याचा हिस्सा जातो. कंट्रोलरला हे काम १४ व्होल्टमध्ये, म्हणजे डीसी बसच्या दोन टक्क्यांहून कमी व्होल्टेजमध्ये जमतं. इंडक्टरचा आकार डीसी बाजूच्या शॉर्ट सर्किटमध्ये करंट किती वेगानं चढू द्यायचा त्यावरून ठरवावा. १०० हर्ट्झची जबाबदारी कंट्रोलरवर टाकावी.

आमच्या सिम्युलेशनमध्ये फिरत्या करंटचा कंट्रोलरच नाही, तरी कन्व्हर्टर व्यवस्थित चालतो. कसं?

तुम्ही डायरेक्ट मॉड्यूलेशन वापरत असाल. त्यात किती सबमॉड्यूल घालायचे हे ८०० व्होल्टच्या ठरीव आकड्यावरून काढतात, कपॅसिटरचं खरं व्होल्टेज न बघता. याचा गुण असा की आर्मची ऊर्जा आपोआप ठिकाणावर येते. कुठे कमी पडली तर डीसी बस आणि लेग यांच्यातला व्होल्टेजचा फरक स्वतःच करंट ढकलतो आणि भरून काढतो. किंमत म्हणून १०० हर्ट्झचा करंट पदरात पडतो.

दुसरी पद्धत म्हणजे मोजलेल्या कपॅसिटर व्होल्टेजनं भागून घालायच्या सबमॉड्यूलचा आकडा काढणं. मग रिपलची भरपाई होते आणि १०० हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो. पण त्याबरोबर तो आपोआप सावरण्याचा गुणही जातो. आता ऊर्जा कुणी सांभाळली नाही तर ती हळूहळू भरकटते, म्हणून ऊर्जेचा कंट्रोलर लावावाच लागतो. सिम्युलेशनमध्ये सगळे आर्म तंतोतंत सारखे असल्यानं हे भरकटणं दिसत नाही. एका आर्मचे कपॅसिटर पाच टक्क्यांनी बदलून पुन्हा चालवून बघा.

१०० हर्ट्झसाठी कंट्रोलर कोणता घ्यावा?

दोन रूढ वाटा आहेत. पहिलीत तिन्ही लेगांचे फिरते करंट दुप्पट फ्रिक्वेन्सीनं, निगेटिव्ह सीक्वेन्सच्या दिशेनं फिरणाऱ्या डीक्यू, म्हणजे दोन अक्षांच्या, चौकटीत नेतात. तिथे १०० हर्ट्झ स्थिर दिसतो आणि साधा पीआय (प्रमाण-समाकल) कंट्रोलर त्याला शून्यावर आणतो. २०११ च्या सुमाराला ही पद्धत मांडली गेली आणि पाठ्यपुस्तकी ठरली. दुसरीत प्रत्येक लेगला स्वतंत्र रेझोनंट कंट्रोलर, १०० हर्ट्झला ट्यून केलेला, हवा तर २०० हर्ट्झला आणखी एक.

मी दुसऱ्या वाटेच्या बाजूचा. फेज किती आहेत, समतोल आहेत की नाहीत याच्याशी तिला देणंघेणं नाही. पहिली वाट नेमकी गरजेच्या वेळी दगा देते. ग्रिडवर एका फेजचं व्होल्टेज कोसळलं की १०० हर्ट्झच्या करंटमध्ये पॉझिटिव्ह आणि झीरो सीक्वेन्सचेही भाग येतात. निगेटिव्ह चौकटीत बसलेला पीआय त्यांना ओळखतच नाही. झीरो सीक्वेन्सचा भाग तर तिन्ही लेगांत एकाच वेळी एकाच दिशेला वाहतो, म्हणून थेट डीसी केबलमध्ये शिरतो आणि १०० हर्ट्झचा रिपल समोरच्या स्टेशनपर्यंत पोचतो.

रेझोनंट कंट्रोलर लावला तर करंट कमी व्हायच्या ऐवजी डोलायला लागला.

आधी डिले तपासा. १० किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला गणना आणि पीडब्ल्यूएम (स्विचचे पल्स काढणं) मिळून दीड सॅम्पल, म्हणजे १५० मायक्रोसेकंद उशीर होतो. १०० हर्ट्झला तो ५.४ अंश, २०० हर्ट्झला १०.८. शंभराला तो खपून जातो. वरच्या हार्मोनिकांसाठी रेझोनंट भागात तेवढा फेज आगाऊ द्यावा लागतो. सेन्सरच्या फिल्टरचा उशीरही यात धरा, तो लोक विसरतात.

दुसरं कारण सॅच्युरेशन. मॉड्यूलेशन इंडेक्स एकच्या जवळ असेल तर शिखराला आर्ममध्ये घालायला किंवा काढायला सबमॉड्यूलच उरत नाहीत. कंट्रोलर १४ व्होल्ट मागतो, मिळतात ५, आणि आतली रेझोनंट अवस्था फुगत जाते. त्या अवस्थेला लगाम घाला, किंवा इंडेक्स थोडा कमी ठेवा.

वरच्या आणि खालच्या आर्मच्या व्होल्टेजमध्ये फरक पडलाय. फिरत्या करंटनं तो कसा काढायचा?

हा माझा आवडता प्रश्न, कारण इथे तोच करंट कामाला येतो. प्रत्येक आर्ममध्ये साधारण १७६ ज्यूल साठलेले असतात. समजा वरच्यात १८६ आहेत आणि खालच्यात १६६. डीसी फिरता करंट वाढवून काही होणार नाही, तो दोघांना सारखाच भरतो. पण फेज व्होल्टेजशी एका तालात असलेला १ अँपिअर शिखराचा ५० हर्ट्झ करंट लेगमधून वाहू दिला, तर वरच्या आर्मच्या व्होल्टेजमध्ये साइन वजा आहे आणि खालच्यात अधिक, म्हणून वरून सरासरी १८० वॉट निघतात आणि खाली १८० वॉट जमा होतात. फरक सेकंदाला ३६० ज्यूलच्या वेगानं कमी होतो. २० ज्यूलचा फरक ५६ मिलिसेकंदांत, तीन सायकलच्या आत संपतो. चिन्ह उलटं केलं की दिशा उलटी.

एक अट आहे. हा ५० हर्ट्झ डीसी बसवर दिसता कामा नये, म्हणजे तिन्ही लेगांतल्या करंटची बेरीज शून्य हवी. फक्त पहिल्या लेगला १ अँपिअर हवा असेल तर उरलेल्या दोघांतून ०.५८ अँपिअर असे वाहू द्यायचे की ते आपापल्या फेज व्होल्टेजशी ९० अंशांत राहतील. मग त्या दोन लेगांत सरासरी ऊर्जा हलत नाही आणि तिघांची बेरीज मात्र शून्य होते. कागदावर तीन बाण काढून बघा, दोन मिनिटांत पटेल.

लेगा-लेगांतला फरक काढायचा असेल तर डीसी भागच थोडा कमी-जास्त करायचा. ते सोपं आहे.

सबमॉड्यूलचं सॉर्टिंग (व्होल्टेज बघून कुठला घालायचा ते ठरवणं) आम्ही करतोच. ते पुरेसं नाही का?

नाही. सॉर्टिंग एका आर्मच्या आतल्या चार कपॅसिटरांना एकमेकांच्या बरोबरीत आणतं. त्या चौघांची बेरीज किती असावी यावर त्याचा ताबा नाही.

१०० हर्ट्झ मुद्दाम सोडणारेही आहेत म्हणे?

आहेत, आणि त्यांचं चुकत नाही. योग्य मापाचा आणि योग्य फेजचा १०० हर्ट्झ घातला तर कपॅसिटरच्या रिपलचा काही भाग खोडला जातो, म्हणजे कपॅसिटर लहान घेता येतो किंवा त्याच कपॅसिटरवर थोडा जास्त लोड निभतो. बदल्यात आर्मचा आरएमएस वाढतो. कपॅसिटरची जागा आणि वजन अडचणीचं असेल तिथे हा सौदा परवडतो, स्विच आधीच तापत असतील तिथे नाही. आपोआप उगवणारा १०० हर्ट्झ मात्र या कामाचा नव्हे. त्याची फेज आपल्या सोयीची असेलच असं नाही.

मोटर हळू फिरवली की कपॅसिटर व्होल्टेज प्रचंड हलतं. काय करायचं?

पूर्ण करंटवर ५ हर्ट्झचा हिशेब घाबरवणारा आहे. आर्मवरची हलती पॉवर २३८० ऐवजी जवळजवळ ४००० वॉट होते, आणि ती दहापट सावकाश हलते. ऊर्जेचा झोका ७.६ ज्यूलवरून १२७ ज्यूलवर जातो, आणि आर्ममध्ये आहेत १७६! असं यंत्र चालणारच नाही.

तोडगा असा की तिन्ही फेजना सारखं, जास्त फ्रिक्वेन्सीचं कॉमन मोड व्होल्टेज घालायचं आणि त्याच फ्रिक्वेन्सीचा फिरता करंट वाहवायचा. दोघांच्या गुणाकारातून वरच्या-खालच्या आर्ममध्ये ऊर्जेची झटपट देवाणघेवाण होते आणि तो सावकाश झोका मोडतो. ३०० व्होल्ट कॉमन मोड धरलं तर साइन आकारात फिरता करंट २६ अँपिअरच्या वर जातो, लोडच्या २० अँपिअरपेक्षाही जास्त. चौकोनी आकारात तो १३ वर येतो, म्हणून चौकोनी. तरीही हे स्वस्त नाही, आणि कॉमन मोड व्होल्टेजमुळे मोटरच्या बेअरिंगची काळजी वेगळीच. पंप आणि पंख्यांना कमी वेगात टॉर्क कमी लागतो, तिथे एमएमसी ड्राइव्ह सुखानं नांदतो. सुरुवातीलाच पूर्ण टॉर्क मागणाऱ्या लोडला मी दुसरी टोपोलॉजी बघायला सांगतो.

फिरत्या करंटमध्ये १०० ऐवजी ५० हर्ट्झ दिसतोय, तोही मोठा.

कंट्रोलरला हात लावू नका. सेन्सर बघा. आमच्याकडे एकदा खालच्या आर्मचा करंट सेन्सर उलटा बसला होता. बेरजेऐवजी वजाबाकी होत होती, त्यामुळे ‘फिरता करंट’ म्हणून स्क्रीनवर अगदी देखणा, १० अँपिअर शिखराचा ५० हर्ट्झ यायचा. आम्ही दोन दिवस गेन बदलत बसलो. वायर सेन्सरमधून उलट ओवल्यावर सगळं गप्प झालं. तेव्हापासून कंट्रोलर लावण्याआधी मी डीसी बस काढून एका लेगमधून बाहेरच्या सप्लायनं २ अँपिअर डीसी वाहवतो आणि दोन्ही सेन्सर अधिक २ दाखवतात का ते बघतो.

छोटा ५० हर्ट्झ दिसला तर दोन सेन्सरांच्या गेनमधला फरक असू शकतो. एक टक्का फरकानं आपल्या उदाहरणात ०.०५ अँपिअर येतो. त्याहून मोठा असेल तर आर्म खरोखर असमतोल आहेत.

लेव्हल वाढवायला आम्ही वरच्या-खालच्या आर्मचे कॅरियर (स्विचिंगच्या वेळा ठरवणाऱ्या त्रिकोणी लहरी) सरकवले आणि फिरत्या करंटवर केस उगवले.

अपेक्षितच. चार सबमॉड्यूलमधून पाचऐवजी नऊ लेव्हल काढायच्या तर लेगमध्ये दर क्षणी नेमके चार सबमॉड्यूल राहत नाहीत, कधी तीन, कधी पाच असतात. तेवढा २०० व्होल्टचा फरक स्विचिंग फ्रिक्वेन्सीनं इंडक्टरवर आदळतो. हे कंट्रोलरचं काम नाही, इंडक्टरचं आहे. शेकडो सबमॉड्यूल असलेल्या एचव्हीडीसी (उच्च व्होल्टेजच्या डीसी) स्टेशनांत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे मुळात लेव्हल वाढवायची गरजच नसते.

इतर मल्टिलेव्हल कन्व्हर्टरांत असा करंट असतो का?

डेल्टा जोडणीच्या कॅस्केडेड एच-ब्रिज स्टॅटकॉममध्ये (ग्रिडला रिअॅक्टिव्ह पॉवर देणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये) असतो. डेल्टाच्या आत फिरणारा झीरो सीक्वेन्स करंट तिथे तिन्ही फेजच्या कपॅसिटरांत ऊर्जा वाटायला वापरतात, विशेषतः ग्रिड असमतोल असताना. समांतर जोडलेल्या इंटरलीव्ह्ड कन्व्हर्टरांतही असतो, तिथे जोड-इंडक्टर कामी येतात. न्यूट्रल पॉइंट क्लॅम्प्डमध्ये हा प्रकार नाही, त्याचं दुखणं मधल्या बिंदूच्या व्होल्टेजचं.

ही कल्पना किती जुनी आहे?

जर्मनीतल्या राइनर मार्क्वार्ट यांनी २००१ च्या सुमाराला एमएमसी मांडला, २००३ मध्ये त्यावरचा पेपर गाजला. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची ट्रान्स बे केबल, ४०० मेगावॉट, अधिक-उणे २०० किलोव्होल्ट, हा पहिला व्यापारी एचव्हीडीसी एमएमसी ठरला.

पहिल्यांदा चालू करताना कुठला कंट्रोलर कधी लावावा?

डीसी बस शंभर व्होल्टवर ठेवून, डायरेक्ट मॉड्यूलेशनवर, कुठलाही कंट्रोलर न लावता सुरू करा. १०० हर्ट्झचा करंट हिशेबाशी जुळतो का बघा. जुळला तर इंडक्टर, कपॅसिटर आणि सेन्सर तिन्ही बरोबर आहेत. मग फिरत्या करंटचा प्रमाणात्मक भाग लावा, नंतर १०० हर्ट्झचा रेझोनंट. ऊर्जेचे लूप सगळ्यात शेवटी, आणि करंट लूपच्या किमान पाच-दहा पट सावकाश. ऊर्जेच्या मापात ५० आणि १०० हर्ट्झचा रिपल असतो, तो गाळल्याशिवाय लूपमध्ये सोडू नका. नाहीतर नुकताच घालवलेला १०० हर्ट्झ रेफरन्समधूनच परत येतो, आणि यावेळी कंट्रोलर इमानेइतबारे त्याचा पाठलाग करतो.